बत्तीस पौंड हवा

हवा ही फुकट मिळणारी वस्तू आहे असं ज्याला वाटतं, त्याने ती चाकात भरायचं यंत्र निवडायला जाऊ नये. मला तसं वाटत होतं, आणि मी गेलो.

खरं तर मला यंत्र नको होतं, बहीण हवी होती.

माझी मोठी बहीण झुंबरबाई केदारखेड्याच्या पुढे, नदीपलीकडच्या एका वस्तीवर राहते. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे तिच्यावर नाराज आणि ती माझ्यावर नाराज. आमच्या भागात सासरी गेलेली बाई माहेरच्या कार्याला आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाई अठराची असो की अठ्ठ्याहत्तरची, नियम तोच. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, प्रेमने, बदनापुरात घर बांधलं. गृहप्रवेशाच्या दिवशी मंडपवाला, आचारी आणि पाण्याचा टँकर हे तिघेही एकमेकांची वाट बघत बसले होते, म्हणून मी स्वतः न जाता झुंबरबाईला आणायला भाड्याची गाडी पाठवली. नदीच्या अलीकडून गाडीवाल्याने निरोप धाडला. झुंबरबाईने गाडी रिकामी परत पाठवली आणि उलट निरोप दिला, "भाड्याच्या मुऱ्हाळ्यासंगं जायला मी काय भाड्याची बहीण हाय का?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की नातसून उचलायची, आणि मागून झुंबरबाईचा आवाज यायचा, "सांग, मी रानात गेल्ते." बिचारीला दारातल्या बाभळीपर्यंत चालवत नव्हतं, पण माझा फोन आला की ती रानात असायची.

आता माझी नात प्रियदर्शनी, प्रेमची मुलगी, हिचा साखरपुडा ठरला होता. फाल्गुनातला रविवार. पोरीने स्पष्ट सांगितलं, "आत्याआजी आली नाही तर मी बोट पुढे करणार नाही." म्हणजे अंगठीचं सगळं ओझं माझ्यावर. मी स्वतः जायचं, आणि वस्तीच्या दारापर्यंत गाडी न्यायची, एवढं नक्की झालं. मध्ये नदी. या दिवसांत पाणी नसतं, पण दोनशे पावलं भुसभुशीत वाळू असते. झुंबरबाईला ती चालवणार नव्हती. गेल्या वर्षी दवाखान्यात न्यायला कुणीतरी ट्रॅक्टर आणला होता, तर म्हणाली, "मी काय उसाची मोळी हाय का?"

वाळूतून जाईल अशी गाडी आमच्या दारातच उभी होती. ती प्रेमची. प्रेम जालन्याला एका कचेरीत साहेब आहे. जाहिरातीत ही गाडी डोंगर चढते, ओढे ओलांडते, आणि वर गेल्यावर एक माणूस तिच्या टपावर उभा राहून सूर्याकडे बघतो. प्रेमची गाडी दोन वर्षांत सगळ्यात उंच चढली ती आमच्या फाटकापुढची सिमेंटची चढण. टायर मात्र म्हशीच्या मानेएवढे जाड.

मी एकतीस वर्षं सरकारी खात्यात जीप चालवली. वाळूतून गाडी कशी काढायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही. टायरमधली निम्मी हवा सोडायची, टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो, गाडी वर वर निघून जाते. पलीकडे गेलं की हवा परत भरायची. आमच्या वेळी ती भिवा नावाचा मदतनीस हातपंपाने भरायचा. भिवाही गेला आणि तो हातपंपही गेला.

प्रेम म्हणाला, "पप्पा, गाडी न्या. पण हवा सोडली तर जागेवरच परत भरायची. बसलेल्या टायरवर सहा किलोमीटर खडीवरून आलात तर चारही टायर जातील."

एका टायरची किंमत त्याने सांगितली. मी खुर्चीत बसलेलोच होतो, म्हणून बरं झालं.

तर असं हे हवेचं यंत्र आमच्या घरात आलं. म्हणजे यायला तीन आठवडे लागले, ते सांगतो.

पहिला सल्ला शेजारच्या गिरिधररावांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना गाडी नाही, चालवता येत नाही, आणि बसलं की मळमळतं. म्हणून ते वाहनांविषयी अगदी तटस्थपणे बोलू शकतात. म्हणाले, "अप्पाराव, घाई करू नका. तक्ता करा." त्यांनी वहीत रकाने आखले. वजन, वायर, नळी, वेग, आवाज, दिसणं. प्रत्येकाला गुण. आमची सून मीना चहा घेऊन आली, तिने वाकून बघितलं आणि रंगाचा रकाना घालायला लावला. "काळं घेऊ नका," म्हणाली, "सीटखाली गेलं की सापडत नाही. तुमचा चष्मा काळाच आहे, बघा कुठे असतो ते."

मोबाइलवर अशी यंत्रं शेकड्यांनी होती, आणि प्रत्येकाखाली घेणाऱ्यांनी मत लिहिलेलं. प्रियदर्शनीने ती मतं मराठीत दिसतील असं करून दिलं. मी अक्षरं शिकलो ती त्रेचाळिसाव्या वर्षी, रात्रीच्या वर्गात. तोपर्यंत मैलाचे दगड मी त्यांच्या रूपावरून ओळखायचो. त्यामुळे लिहिलेलं काही समोर आलं तर ते पूर्ण वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. मी सगळी मतं वाचली. लातूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "चार महिन्यांत बंद पडलं, आम्ही घाटात होतो." पुढे काही नाही. घाटातून ते खाली आले की नाहीत, सोबत लेकरंबाळं होती की काय, काही कळायला मार्ग नाही. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

गिरिधररावांच्या तक्त्यात शंभरपैकी ब्याऐंशी गुण मिळवून एक यंत्र पहिलं आलं. पाण्याच्या तांब्याएवढं, हलकं, नारिंगी, वर आकडे दाखवणारा पडदा आणि कारण नसताना एक दिवा. गाडीत मोबाइल चार्ज करायची जी जागा असते, तिथे त्याची पिन खोचायची. मागवलं, तिसऱ्या दिवशी आलं.

चाचणी रविवारी सकाळी फाटकापुढे ठेवली. मी कुणाला बोलावलं नव्हतं, पण आमच्या गल्लीत बोलवावं लागत नाही. गिरिधररावांनी खुर्ची आणली. मी ऐटीत एका टायरची हवा सोडली, नळी लावली, बटण दाबलं. यंत्र ओरडायला लागलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. आकडा अठरावरून बावीसवर गेला.

"प्रगती आहे," गिरिधरराव म्हणाले. "मंद आहे, पण आहे."

मुळात हे यंत्र मोटारसायकलीसाठी आणि फार तर लहान गाडीसाठी. म्हशीच्या मानेत ते मुंगीने फुंकावं तसं फुंकत होतं. पंचविसाव्या मिनिटाला भाकरी करपल्याचा वास आला. मीना स्वयंपाकघराकडे पळाली, तिथे तवा चुलीवर नव्हताच. मी यंत्राला हात लावला आणि काढून घेतला. मग काहीतरी फट्‌ झालं. यंत्र गप्प, गाडीतला गाण्यांचा पडदा गप्प आणि मोबाइल चार्ज करायची जागाही गप्प.

"फ्यूज उडाला," मी म्हणालो.

"वेग हा रकाना आपण चौथा घेतला, तिथे चुकलं," गिरिधरराव वहीत बघत म्हणाले.

प्रेम ओरडला असता तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं ज्याने साहेबांच्या जीपला ओरखडा येऊ दिला नाही, त्याने पोराच्या गाडीचं गाणं बंद पाडलं. आठ दिवस प्रेम जालन्याला मुकाट्याने गेला आणि मुकाट्याने आला.

शेवटी मी रेल्वे फाटकाजवळच्या कचरूकडे गेलो. खरं तर तिथे पहिल्यांदा जायला हवं होतं. पण कचरू पंक्चरवाला, त्याच्याकडे हवा भरायच्या यंत्राचा सल्ला मागणं म्हणजे न्हाव्याला वस्तऱ्याचं दुकान विचारण्यासारखं, म्हणून मी टाळत होतो.

"जयभीम अप्पा," कचरू म्हणाला. "ऐकलं मी. भाकरी करपली म्हणे."

गल्लीतली बातमी फाटकापर्यंत पोचायला हवेचं यंत्र लागत नाही.

"तू हसून घे आधी."

"हसून राह्यलो न्हाई अप्पा. पण मला सांगा, मशीन टायर बघून घ्यायची का जाहिरात बघून? तुमचा टायर हा असा." त्याने दोन्ही हात फाकवले. "त्याला पिन खोचायची मशीन चालत न्हाई. थेट बॅटरीला चिमटे लागतात, तसली घ्या. वायर जाड पायजे. नळी मागल्या चाकापर्यंत पुरली पायजे, न्हाई तर मशीन हातात धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत बसाल. काटा बराबर पायजे. आन्‌ सगळ्यात म्हत्वाचं, न थांबता किती मिनिटं चालती ते बघा. दिवा-बिवा सोडा. हवा काय अंधारात भरायची हाय का?"

मी हे सगळं लिहून घेतलं. गिरिधररावांना वही दाखवली, तर ते म्हणाले, "अनुभवी माणूस आहे. पण रकाने आखलेले नाहीत."

दुसरं यंत्र कचरूच्या यादीप्रमाणे निवडलं. दोन सिलिंडरांचं, पाच किलो वजनाचं, लोखंडी, चारचौघांत दाखवावं असं काही रूप नाही. मागवलं आणि वाट बघत बसलो. साखरपुड्याला आठ दिवस उरले तेव्हा मोबाइलवर संदेश आला, "पत्ता सापडला नाही." आमचं घर स्टेशनच्या मागे. आगगाडीतून उतरलेला अनोळखी माणूससुद्धा पहिल्यांदा आमच्याच दारात पाणी मागतो. पार्सल जालन्याच्या गोदामात पडून होतं, म्हणून मी स्वतः गेलो.

खिडकीतल्या माणसाने पार्सल समोर ठेवलं आणि हात वर ठेवला. "नाव?"

"अप्पाराव."

"ह्यावर पप्पा लिव्हेल हाय."

प्रेमने त्याच्या मोबाइलमध्ये आमचा पत्ता 'पप्पा' या नावाने घालून ठेवला होता. मी म्हणालो, "पप्पा म्हणजे मीच."

"आधार दाखवा."

मी दाखवलं.

"ह्याच्यात पप्पा न्हाई."

"सरकार मला पप्पा कसं म्हणेल?"

"मंग पप्पाला घून या. आन्‌ त्यांच्या मोबाइलवर आकडा आला आसंल, तो बी आणा."

आकडा प्रेमच्या मोबाइलवर. मी तिथूनच प्रेमला फोन लावला. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. सगळ्या गोदामाला ऐकू गेलं, "पप्पा, मीटिंगमध्ये आहे, नंतर!" आणि कट.

खिडकीतला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा तुमीच, हे पटलं. आता आकडा तेवढा घ्या." आकडा यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि रांगेतले लोकही "पप्पा, जरा सरका" म्हणायला लागले.

यंत्र घरी आलं. आमच्या घरी नारळ-हळदीकुंकू करत नाहीत, पण गिरिधररावांच्या पत्नी अरुंधतीवहिनी ताट घेऊन आल्याच. "तुमच्याकडे नसू दे," म्हणाल्या, "शेजाऱ्याचा मान म्हणून मी करते. पहिल्या यंत्राचं काही केलं नाही, बघितलंत ना काय झालं?"  त्यांनी यंत्राला कुंकू लावलं आणि मनापासून अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं. आवाज दमदार, टायर मात्र ढिम्म. काटा हलेना.  साखरपुडा सहा दिवसांवर. यंत्र उचलून कचरूकडे नेलं. त्याने नळीचं तोंड उघडलं, आत सुई घातली आणि एक तांदूळ बाहेर काढला. तळहातावर ठेवून मला दाखवला.

"अप्पा, मशीनीचं लग्न लावलं का काय?"

त्यानंतर मात्र यंत्राने तक्रारीला जागा ठेवली नाही. सात मिनिटांत एक टायर, अठरावरून बत्तीस पौंड. गल्लीने हे बघितलं आणि पुढचे चार दिवस यंत्र माझं राहिलं नाही. सायकली आल्या, हातगाडी आली, वाढदिवसाचे फुगे आले, आणि एका घरातून शिलाई मशीन आलं, "आतली धूळ उडवून द्या" म्हणून. मी सगळ्यांचं केलं. सोबत आलेल्या पत्रकावर बोट ठेवून मध्ये थांबायला मात्र सांगायचो, कारण त्यात हिंदीत लिहिलं होतं, "पंद्रह मिनट चलाने के पश्चात यंत्र को बीस मिनट विश्राम प्रदान करें." मला ते वाक्य फार आवडलं. आमच्या खात्यात एकतीस वर्षांत मला कुणी विश्राम प्रदान केला नव्हता.

शनिवारी सकाळी निघालो. सोबत गिरिधरराव, आल्याचे तुकडे तोंडात धरून. राजूरमार्गे केदारखेडा, तिथून डांबर सोडून सहा किलोमीटर खडी, मग नदी. काठावर मी हवा सोडायला लागलो. गिरिधरराव काटा धरून निकाल वाचावा तसे आकडे वाचत होते. "सव्वीस. बावीस. अठरा, उत्तीर्ण!" चारही चाकं अठराला आणली आणि गाडी वाळूत घातली. म्हैस तळ्यातून जाते तशी गाडी गेली. घाई नाही, पण थांबणंही नाही. पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा माझी छाती बत्तीस पौंडांवर होती. वस्ती काठालाच, म्हणून चाकांत हवा परतल्यावरच भरायची ठरवली.

झुंबरबाई दारातच बाजेवर बसली होती. नवं लुगडं, डोक्याला तेल, गाठोडं बांधलेलं. म्हणजे यायचं ठरलेलंच होतं. मी पुढे झालो, "अक्का."

तिने माझ्या खांद्यावरून गिरिधररावांकडे बघितलं. "मास्तर, गाडी कुणाची हाय?"

"प्रेमची."

"आन्‌ चालवून कोण राह्यलं?"

"हे काय, अप्पाराव. तुमचे बंधू."

"आसं का? ड्रायव्हर बरा हाय. वाळूत दमानं चालवतो." मग गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, "सांगा त्या ड्रायव्हरला, मी पोरीसाठी यून राह्यले. मुऱ्हाळी म्हणून मला कुणी आलं न्हाई."

मी आयुष्यभर ड्रायव्हरच होतो. साहेबांनी म्हटलं, त्यांच्या बायकांनी म्हटलं, लेकरांनी म्हटलं, कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. तीन आठवडे, दोन यंत्रं, एक फ्यूज, आणि एवढं करून मी ड्रायव्हरच.

माहेरी रिकाम्या हातानं जायची रीत नाही, हेही तिने मास्तरांमार्फतच कळवलं. नातवांनी दोन पोती ज्वारी, एक पोतं तूर आणि हरभऱ्याचा भारा मागे टाकला. भोपळे बसले नाहीत म्हणून एक गिरिधररावांच्या मांडीवर दिला. ते आधीच आलं चघळत होते, भोपळा आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

परत पात्र ओलांडलं आणि अलीकडच्या काठाला, वाळू संपते तिथे गाडी उभी केली. बॉनेट उघडलं, चिमटे लावले, पुढची दोन चाकं भरली. पंधरा मिनिटं होत आली, म्हणून यंत्राला विश्राम प्रदान केला आणि बाभळीच्या सावलीला टेकलो. झुंबरबाई गाडीतच, तोंड नदीकडे.

तेवढ्यात मागून स्कूटर आली. त्यावर तलाठी मॅडम, कल्याणी नावाच्या, वयाने प्रियदर्शनीएवढ्या. मागे काठी घेतलेला कोतवाल. वाळूचोरी धरायला निघाले होते. हल्ली पात्रात बैलगाडी दिसली तरी चौकशी होते. आणि इथे तर मोठी गाडी, मागे पोती, शेजारी लोखंडी यंत्र.

कोतवालाने गाडीला फेरी घातली आणि मागच्या चाकाला काठी लावली. "मॅडम, चाकं बसलेत बघा. माल जड हाय."

"माल नाही हो, हवा कमी आहे," मी म्हणालो.

"आन्‌ हे काय? वाळू ओढायचा पंप?"

"हवा भरायचं यंत्र आहे."

"नदीत हवा भरायला येऊन राह्यले काय?"

मॅडमनी शांतपणे वही काढली. "बिल आहे का यंत्राचं?"

बिल प्रेमच्या मोबाइलमध्ये, आणि माझ्या मोबाइलला नदीत रेंज नाही. गिरिधरराव पुढे आले आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. म्हणजे तक्त्यापासून. रंगाच्या रकान्यापर्यंत आल्यावर मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. मग पोती सोडली. ज्वारी निघाली, तूर निघाली. कोतवालाने तुरीत कोपरापर्यंत हात घालून बघितला. वाळू निघाली नाही, तसा तो थोडा खट्टू झाला.

"पंचनामा तर करावाच लागेल," मॅडम म्हणाल्या, "वाहन पात्रात आढळलं म्हणून." गाडीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी विचारलं, "आजी, हे गृहस्थ तुमचे कोण?"

झुंबरबाई नदीकडे बघत म्हणाली, "ड्रायव्हर हाय."

कोतवालाचा चेहरा एकदम उजळला. "ड्रायव्हर? म्हंजी भाड्यानं? पाटी तर पांढरी हाय! मॅडम, खाजगी गाडी भाड्यानं चालवून राह्यले हे!"

आता हा दुसरा गुन्हा. मॅडमनी पेन टेकवलं आणि मोठ्याने बोलत लिहायला लागल्या, "वाहनचालक अप्पाराव, भाडोत्री..."

"अहो नाही, नाही!" गिरिधरराव भोपळा घेऊन उठले.

मी काय बोलणार? मी भाऊ आहे असं मी म्हणालो तर ते मी म्हटलेलं. ते तिनेच म्हणायचं होतं. गाडी जप्त झाली असती, प्रियदर्शनीचा साखरपुडा राहिला असता, तरी ते तिच्या तोंडून आलं नसतं तर माझं येणं फुकटच होतं.

गाडीचं दार उघडलं. झुंबरबाईने एक पाय खाली टाकला, मग दुसरा. गुडघे कुरकुरले ते कमी ऐकू येणाऱ्या मलाही सावलीत ऐकू आलं. दाराला धरून ती उभी राहिली.

"खोडा ते," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"भाडोत्री लिव्हलं ते खोडा. कुणाला भाडोत्री म्हणून राह्यल्या तुमी? माझा भाऊ हाय तो."

"पण तुम्हीच आत्ता ड्रायव्हर..."

"मी म्हणंल! मी त्याला काय बी म्हणंल, माझ्या कडेवर वाढला तो. सरकारनं म्हणायचं काम न्हाई." मग कोतवालाकडे वळली. "आन्‌ तू रं, ती काठी खाली घे. माझी तूर चाळून झाली ना तुझी? भावासारखा भाऊ हाय, बहिणीच्या पोत्यात वाळू घालंल का तो?"

कोतवालाने काठी खाली घेतली. मॅडमनी एक ओळ खोडली आणि नवीन पान घेतलं. सरकारी कामात चेहऱ्यावर हसू दिसू नये म्हणून त्या खाली बघून लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "आजी, तुमचा जबाब आहे, वाचून दाखवते, मग अंगठा द्या."

गिरिधरराव चष्मा पुसत म्हणाले, "मी वाचतो."

"तुमी न्हाई मास्तर," झुंबरबाई म्हणाली. "त्याला वाचू द्या. मोठेपणी शिकला म्हणं. मी कधी ऐकलं न्हाई."

मी कागद घेतला. अक्षर चांगलं होतं. "'मी झुंबरबाई, विचारल्यावरून सांगते की, सदर वाहनात ज्वारी, तूर व भोपळे असून वाळू नाही. सदर वाहन चालवणारा इसम हा माझा सख्खा भाऊ...'"

इथे मी थांबलो. नदीची धूळ उडते, चष्म्यावर बसते.

"थांबला का रं अप्प्या? पुढं वाच. कशाला आल्ता ते लिव्हलं का त्यांनी?"

"'...सख्खा भाऊ असून, तो मला माहेरी नेण्यासाठी मुऱ्हाळी म्हणून आला आहे.'"

"बराबर," झुंबरबाई म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

पंच म्हणून गिरिधररावांनी सही केली, तारखेसकट आणि खाली रेघ मारून. तलाठी मॅडम गेल्या. कोतवालाला झुंबरबाईने ओंजळभर हरभरा दिला, तो त्याने नाही नाही म्हणत घेतला.

यंत्राचा विश्राम संपला होता. मी ते सुरू केलं आणि मागच्या डाव्या चाकाला नळी लावली. झुंबरबाई दाराला धरून काट्याकडे बघत उभी होती. तिला आकडे कळत नाहीत, पण काटा वर चढतोय हे दिसत होतं. दोन्ही चाकं भरली. मी नळी काढायला हात लावला.

"किती झालं?" तिने विचारलं.

"बत्तीस. बस्स एवढंच लागतं अक्का."

"आजून दोन टाक. मी हाये, ज्वारी हाय, मास्तर हायेत. लई वजन हाय संगं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी टायरमध्ये नेमापेक्षा एक पौंडही जास्त हवा भरली नव्हती. मी दोन पौंड जास्त भरली.